दिवेलागणीचं विरजण

आमच्या नातीचं, वनमालाचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. टाळेबंदी सरली होती आणि लोक तोंडावरचे मास्क विसरले होते. साखरपुड्याच्या बोलणीत मुलाकडच्यांनी साडी मागितली नाही, भांडी मागितली नाहीत, फक्त एवढंच म्हणाले की येताना विक्रोळीचं दही आणा. त्यांच्या फलटणला काय दुधाची कमी आहे? पण मागणी आमच्या दह्याची होती.

विक्रोळीला टागोरनगरात आमचं दह्याचं दुकान आहे. ते माझ्या मालकांनी काढलं. आख्खी वस्ती त्यांना दादू म्हणायची, म्हणून इथे मीही दादूच लिहिते. समोर कधी म्हटलं नाही. कंपनीतली नोकरी सांभाळून ते सकाळी दही विकायचे. पहिल्या वर्षी आमच्या हातचं दही घ्यायला लोक बिचकायचे. गाव विचारायचे, आडनाव विचारायचे आणि ‘उद्या बघू’ म्हणून निघून जायचे. दादू कुणाशी भांडले नाहीत. पानावर चमचाभर दही ठेवून पुढे करायचे आणि म्हणायचे, आधी चव घ्या, मग आडनाव विचारा. पुढे तीच माणसं भांडं घेऊन रांगेत उभी राहिली. म्हणून ते दही आमच्यासाठी नुसतं दही नव्हतं.

त्याचं विरजण सासूबाईंनी गावाहून आणलेलं, मडक्यात, सगळ्या वाटेत मांडीवर धरून. त्यांचा एक नियम होता. दिवेलागणीनंतर विरजण कुणाला द्यायचं नाही. दादूंचा नवस, उपास, मुहूर्त कशावर विश्वास नव्हता. पण आईचा हा एवढा नियम त्यांनी पाळला. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, कारण माहीत असतं तर कधीच मोडला असता.

तर लग्नाआधीची दिवाळी होऊन गेली होती. संध्याकाळी खाडीकडून गार वारा यायला लागला होता. दादू विहारात गेले होते, मुलगा-सून नोकरीवरून यायची होती आणि गल्ल्यावर आमचा नातू प्रितम, वनमालाचा धाकटा भाऊ, एकटाच होता. मी आतल्या खोलीत पातेली पुसत होते.

एक मुलगी आली. पांढरा कोट हातावर टाकलेला, कपाळावर घाम, खांद्याच्या पिशवीत काचेच्या बाटल्या किणकिणत होत्या. तिला विरजण हवं होतं. नाव नीलम, राहायची घाटकोपरला पंतनगरात, आणि कॉलेजात जिवाणूंचा अभ्यास करायची. घरी लावलेल्या दह्यातले जिवाणू शोधायचे होते, आणि घाटकोपरपासून इथपर्यंत ज्या दुकानात जावं तिथे पिशवीचंच दही.

प्रितमने सांगितलं की दिवेलागण झाली, आता मिळणार नाही, सकाळी ये.

“सकाळी प्रॅक्टिकल आहे. आत्ता दिलं तर काय होईल?”

“नियम आहे.”

“कशासाठी?”

“तेच तर कुणाला माहीत नाही.”

“मग अंधार पडल्यावर दही झोपतं का?” ती म्हणाली. “उठवेन मी. हळूच उठवेन.”

प्रितम हसला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि… दुकानाची ट्यूबलाइट बंद केली. रस्त्यावरच्या दिव्याचा जो काय उजेड होता तेवढ्यात तो म्हणाला, “दिवाच लावलेला नाही. मग दिवेलागण कुठली?”

बाटलीचं झाकण उघडताना तिने त्याला बजावलं, हात लावायचा नाही. त्याने विचारलं, कुणाला? तिने नुसती बाटली पुढे केली. पण अंधारातसुद्धा मला तिचं हसू दिसलं. मी पुन्हा पातेली पुसायला लागले.

आठवड्याने ती परत आली ती फोनवर फोटो घेऊन. आमच्या दह्याच्या थेंबाचा, सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला. जांभळ्या मण्यांच्या माळा होत्या आणि त्यांच्यात जांभळ्या काड्या विखुरलेल्या. सासूबाईंनी मांडीवरून आणलं ते हे. मी फोन हातात धरून बसले, परत द्यायचं सुचेना. तिने नावं सांगितली, पण लांबलचक जोडाक्षरं मला अजून जड जातात. मी त्यांना माळवाले आणि काडीवाले म्हणते. पुढे नीलमही तेच म्हणायला लागली.

मग ती कधी दही न्यायला यायची, कधी नुसतीच यायची. प्रितम तिला चिडवायचा, तीही सोडायची नाही. एकदा त्याने विचारलं, जिवाणूंत मी कुठल्या आकाराचा?

“वाकडा. स्वल्पविरामासारखा,” ती म्हणाली. “पटकीचा असतो ना, तसा.”

“आणि तू?”

“मी द्राक्षाच्या घोसातली. त्वचेवर बसते आणि गळू करते. लांब राहा.”

“बसलीस आधीच,” प्रितम म्हणाला, आणि न बघता हात टाकून ताकाचं भांडं उलटं केलं.

फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला तिचं कॉलेज सगळ्यांसाठी उघडं होतं. प्रितम मला घेऊन गेला. खरं म्हणजे मी सोबत होते म्हणून त्याला जाता आलं. नीलम कोट घालून टेबलामागे उभी होती. मला स्टुलावर बसवून तिने एकेक दाखवलं. गोल असतात, लांब असतात, मळसूत्रासारखे पिळाचे असतात. गोलातसुद्धा राहण्याच्या तऱ्हा वेगळ्या. एकाचे दोन होतात, पण काहीजण वेगळं झाल्यावरही हात सोडत नाहीत. एकाच दिशेने वाढत गेले तर माळ होते. आधी एका दिशेने, मग आडव्या दिशेने वाढले तर चौघांचा चौकोन. कसेही वाढले तर घोस.

“आणि आत काय असतं?” मी विचारलं.

तिने कागदावर लांबट आकृती काढली. बाहेर भिंत. भिंतीच्या आत पातळ पडदा, तो आत काय येऊ द्यायचं ते ठरवतो. मध्ये धाग्याचा गुंता, त्यात सगळं आयुष्य लिहिलेलं. बाकी जागेत दाणेच दाणे, त्यांच्यावर काम चालतं. आपल्या शरीरातल्या पेशीत त्या धाग्याला स्वतंत्र खोली असते, यांच्यात नसते. काहींना बाहेरून चिकट पांघरूण, काहींना पोहायला शेपूट. दहीवाल्यांना यातलं फारसं काही नाही.

मी म्हटलं, ही तर आमची पूर्वीची खोली. चार भिंती, दाराला पडदा, मध्ये गोधड्यांचा ढीग, आणि उरलेल्या जागेत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण, सगळं. वेगळी खोली कुणालाच नाही. त्यातच संसार झाला आणि त्यातच वाढला.

नीलमने पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजी, हे मी परीक्षेत लिहिणार.

निघताना प्रितमने तिला विचारलं की माळवाले आणि काडीवाले एकाच दह्यात कसे नांदतात, भांडत नाहीत का. ती म्हणाली की उलट आहे. एकजण जे टाकतो ते दुसऱ्याचं खाणं होतं. वेगवेगळे ठेवले तर दोघंही रडतखडत वाढतात. एकत्र असले की…

“एकत्र असले की काय?”

“दही लवकर लागतं,” ती म्हणाली आणि कोटाची बटणं लावत बसली. ती आधीच लावलेली होती.

एप्रिलमध्ये वनमालाचं लग्न लागलं. आम्ही सगळे दही घेऊन फलटणला गेलो आणि दुकान बंद राहिलं. जाताना दादूंनी विरजणाचं एक भांडं तेवढं फ्रिजमध्ये जपून ठेवलं होतं. त्यांची पद्धत अशी की बंद दुकान उघडायच्या दिवशी ते सगळं विरजण एकाच लहान पातेल्यात घालायचं, म्हणजे ते जागं होतं. मग त्यातून पुढचं. दूध उकळून निववायचं, करंगळी बुडवायची, आणि करंगळीला ऊब लागली पण चटका बसला नाही की मगच विरजण. दादूंना प्रवास बाधला होता. त्या दिवशी ते पडून राहिले आणि काम प्रितमकडे आलं. करंगळीचं त्याला लहानपणापासून माहीत होतं.

दूध नुकतंच खाली उतरवलं होतं आणि नीलम आली. लग्नाचा लाडू खायला. पिवळा कुर्ता घातला होता, केस धुऊन मोकळे सोडले होते. प्रितम वरातीत कसा नाचला ते तिने कुणाच्या तरी फोनवर पाहिलं होतं आणि ती त्याची नक्कल करून दाखवत होती. तो हसत होता, तिच्याकडे बघत होता… आणि हसता हसता त्याने भांडं पातेल्यात उपडं केलं. करंगळी बुडवलीच नाही. वाफ दोघांच्या मध्येच चढत होती. जिवाणू शिकलेल्या मुलीलाही ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध तसंच दूध. दादूंनी पातेलं कलतं करून पाहिलं आणि खाली ठेवलं.

नीलमने त्यातला थेंब कॉलेजात नेला, प्रितमही मागोमाग गेला. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला तर माळा होत्या, काड्या होत्या, सगळं जागच्या जागी. प्रितमचा जीव भांड्यात पडला. तो घरी फोन लावणार तेवढ्यात नीलमने त्याचा हात धरला. मेलेलेही असेच दिसतात, ती म्हणाली. आकार राहतो, रंगही धरतात. काही जातींचे जिवाणू कठीण वेळ आली की बीज करून त्यात दडून बसतात, ते उकळत्या पाण्यालाही जुमानत नाहीत. दहीवाल्यांना ते जमत नाही.

दादूंनी शेजारीपाजारी विचारून पाहिलं. आमचं दही नेऊन त्याच्यावर घरी दही लावणारी घरं होती, पण मधल्या दिवसांत कुणी पिशवीचं मिसळलेलं, कुणाचं आंबून टाकून दिलेलं. मिसळलेलं दादू घेईनात. संध्याकाळी त्यांनी प्रितमला बोलावून सांगितलं, “डेअरीचं विरजण आण. दुकान चालेल. मी गल्ल्यावर बसणार नाही.” आवाज चढवला नाही. आईचं रिकामं मडकं फडताळात होतं, ते त्यांनी काढलं, पुसलं आणि परत ठेवलं.

प्रितमने जेवण सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. नीलमचे फोन घेईना. आपण तिच्याकडे बघत राहिलो म्हणून आजोबांच्या आयुष्यभराचं गेलं, हे त्याला गिळता येईना. शेवटी तीच आली, धावत, आणि दुकानाच्या फळीवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

“तू मला दिलं होतंस ते कुठे गेलं, हे विचारलंस का मला?”

प्रितम गल्ल्यामागून उठला.

तिने दिवाळीनंतरच्या त्या विरजणातून माळवाले वेगळे काढले होते, काडीवाले वेगळे. एकेका नळीत एकेक जात, शुद्ध. महिन्या-महिन्याला ती त्यांना नवं खाणं द्यायची, आणि फोन करत होती ते हेच सांगायला. पण सत्र संपलं होतं, आणि सत्र संपलं की सगळ्या नळ्या मोठ्या कुकरमध्ये घालून वाफेने मारायच्या, अशी तिथली रीत. त्याच दिवशी ते काम होतं.

दोघं रिक्षाने गेले. तिच्या नळ्या जाळीत भरून कुकरच्या तोंडाशी ठेवल्या होत्या. नीलमने जाळी उचलून छातीशी धरली आणि तिला शिकवणाऱ्या अनुपमा मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, नाही. प्रयोगशाळेतली वस्तू तोंडात घालायची नाही, हा पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. नीलम हटली नाही. शेवटी मॅडमनी अट घातली. उकळून निर्जंतुक केलेल्या दुधात एकापाठोपाठ एक अशा पिढ्या वाढवायच्या, आणि दर वेळी रंग देऊन त्यांना दाखवायचं. आमचे माळवाले आणि काडीवाले दोघंही पहिला रंग धरून ठेवतात, जांभळेच राहतात. एक जरी गुलाबी दिसला तर कुणी परका शिरला असं समजून सगळं फेकून द्यायचं.

पिढ्या नीट वाढल्या. शेवटच्या दिवशी प्रितम शेजारी उभा होता. नीलमने काचपट्टीवर जांभळा रंग घातला, मग आयोडीन, मग स्पिरिट. स्पिरिट पळभर घालून लगेच धुवायचं असतं. मग वरून गुलाबी रंग. तिने डोळा लावला आणि तिचा चेहरा उतरला.

गुलाबी होते. सगळेच्या सगळे.

नीलमने भिंग बदललं. मग तिने पुन्हा पाहिलं आणि तिचे कान लाल झाले.

“परके नाहीत,” ती म्हणाली. “माळाच आहेत. स्पिरिट जास्त वेळ राहिलं की जांभळा रंग धुऊन जातो.”

“जास्त वेळ का राहिलं?”

ती नळाकडे तोंड करून काचपट्टी धूत बसली.

“नीलम. का राहिलं?”

“तुझ्याकडे बघत होते म्हणून,” ती म्हणाली. “झालं समाधान? तू विरजण पोळवलंस, मी रंग घालवला. फिटलं.”

“फिटायला कशाला हवं,” प्रितम म्हणाला. “असू दे की… जन्मभर.”

दुसरी काचपट्टी मॅडमनी स्वतः रंगवली, त्या दोघांना टेबलापासून लांब उभं करून. जांभळ्या माळा, जांभळ्या काड्या. परका एकही नाही.

नळ्यांतलं ते दूध घरी आलं. मी स्वतः दूध तापवलं आणि करंगळी मीच बुडवली. नीलमने तीन वाट्या लावल्या. सकाळी तिन्ही लागल्या. तिने दादूंना काही सांगितलं नाही, नुसत्या पुढे ठेवल्या. दादू तळहातावर घेऊन चव बघायचे. पहिल्या वाटीतलं जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, फिकं आहे, आजारी माणसाला द्या. दुसऱ्या वाटीला त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, जहाल.

तिसऱ्या वाटीतलं घेतलं. प्रितम भिंतीला टेकून उभा होता. नीलमने माझा पदर मुठीत धरला होता. दादूंनी तळहात चाटला. मग वाटी उचलली, बोट फिरवून तळापर्यंत साफ केली आणि मला म्हणाले, “आईच्या हातचं आहे.”

मग त्यांनी विचारलं की हे आलं कुठून. प्रितमला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलला. पहिली वाटी माळवाल्यांची, दुसरी काडीवाल्यांची, तिसऱ्यात दोघं एकत्र, हे नीलमने सांगितलं. आणि मूळ विरजण आपण हिला दिवाळीनंतर दिलं होतं, नियम मोडून, दिवेलागण झाल्यावर, हे त्याने सांगितलं.

दादूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग बराच वेळ वाटीकडे.

“दुकानात दिवा लावला होतास?”

“नाही. बंद केला होता.”

“मग दिवेलागण कुठली?” दादू म्हणाले.

त्यांना कुणी ते वाक्य सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. आजोबा-नातवाची भिंत, पडदा, आतला धागा सगळं एकच, एवढंच मला कळलं. प्रितमला हसू आवरेना आणि नीलम रडायलाच लागली. दादू उठले, अंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि जाऊन गल्ल्यावर बसले. त्या सकाळी दह्याला जी रांग लागली ती पिंपळाच्या पारापर्यंत गेली. प्रत्येकाला ते पानावर चमचाभर देत होते आणि सांगत होते, आमच्या नीलमने लावलंय. ‘आमच्या’ हा शब्द तिने आतून ऐकला. प्रितमनेही ऐकला.

पुढच्या वर्षीच्या थंडीत दोघांचं लग्न झालं. भन्तेजींनी वंदना घेतली, पंगतीला दही होतं आणि अनुपमा मॅडमनी ते दोनदा मागून घेतलं. नीलमची आई निघाली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. दादूंनी स्वतः भांडं भरलं, फडकं बांधलं आणि विरजण तिच्या हातात दिलं. मंडपातले सगळे दिवे लखलखत होते, एकही बंद करायला लावला नाही. एक विरजण एकाच घरात ठेवायचं नसतं, म्हणाले, आता नियम हा.

तेव्हापासून टागोरनगरात कुणीही, कुठल्याही वेळी आलं तरी आम्ही विरजण देतो. नीलम एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली आहे. दूध प्रितमच निववतो, आणि ती स्वयंपाकघरात असली की करंगळी दोनदा बुडवतो.

दादू गेले ते २०२५ साली, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, पहिलं पातेलं लागल्यावर.